आठव्या घराचा फॉर्म

भाची आली गं पाहुणी, पाणी देते मी हातात
तिच्या पायाचा फुफाटा, ठेवते मी पदरात

मी पाच वर्षांची असताना शांताआत्या हे गायची. उन्हाळ्यात आम्ही नागपूरहून रायपूरला आलो की ती दारातच मला उचलून घ्यायची, आणि तो आवाज तिच्या गळ्यातून माझ्या केसांत उतरायचा.

आता मी तिच्याच घरी राहते, आणि हे कोणाला सांगत नाही.

नागपूरच्या कॉलेजात शिष्यवृत्तीची यादी फळ्यावर लागली. यादीत नावापुढे जात होती. दुसऱ्या दिवसापासून मेसमध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. वर्षभर मी त्या खुर्चीशेजारी जेवले. मग मायग्रेशन सर्टिफिकेट घेतलं आणि रायपूरच्या विद्यापीठात, समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला आले. पहिल्याच दिवशी संपदा शेजारी येऊन बसली. "दीक्षा? मराठी? अय्या, मग तू माझी!" कुठं राहतेस, विचारलं. मी म्हणाले, समता कॉलोनीत, पेइंग गेस्ट.

विभागाच्या पाहणीत आमच्या गटाच्या वाट्याला नेमका आत्याचाच पारा, म्हणजे मोहल्ला, आला. दर आठव्या घराचा फॉर्म भरायचा. आदल्या दिवशी मी गुपचूप घरं मोजली. आत्याचं पंचविसावं. सुटलं होतं.

पण चोविसाव्याला कुलूप निघालं.

"ताला है तो अगला घर," आमच्या गटातला चिराग म्हणाला. "नियम है भाई."

आत्यानं दार उघडलं. मला पाहून तिचं तोंड फुललं, आणि माझा चेहरा पाहून मिटलं. तेवढ्यात तिला सगळं समजलं.

"या पोट्टेहो, बसा. तुम्ही बी बसा, मॅडम." मॅडम म्हणजे मी.

तिनं लोट्यात पाणी आणलं. चिराग गटागटा प्यायला. "चाची, एकदम ठंडा! फ्रिज का?"

"मटक्याचं हाय, बाबू."

संपदानं बाटली वर करून दाखवली. "नको, आमचं आहे." लोटा माझ्यासमोर आला. "मलाही नको," मी म्हणाले. आत्याचा हात क्षणभर तसाच राहिला.

संपदा विचारत होती, मी लिहीत होते. पेन कागदात रुतत होतं. मध्येच ती माझ्या कानाशी वाकली. "किती स्वच्छ ठेवलंय गं! ह्यांच्यात असं वाटत नाही ना?"

आत्या दोन हातांच्या अंतरावर बसली होती. बहिरी नव्हती. पदर सावरून ती पुढच्या प्रश्नाची वाट पाहत राहिली.

"घरात माणसं किती?"

"दोघं. मी अन् आमचे हे. सिलतऱ्याले कारखान्यात हायेत."

"और ये दुपट्टा?" तारेवरच्या माझ्या ओढणीकडे बघत चिराग हसला. "अंकल पहनते हैं क्या?"

"शेजारच्या पोट्टीचा हाय."

"घरात कॉलेजात शिकणारं कोणी?"

माझ्या बारावीच्या निकालाला आख्ख्या पाऱ्यात बुंदी वाटणारी माझी आत्या. तिनं मान खाली घातली.

"कोणीच नाही, बाई."

मी लिहिलं, 'नाही'. माझ्याच अक्षरात.

मग असा राग आला की कानात लोहार बसल्यासारखं झालं. नागपूरच्या त्या खुर्चीचा राग. संपदाच्या बाटलीचा. आत्याच्या समजूतदारपणाचा तर फारच. तो कोणी मागितला होता? मीच. तोंडही न उघडता मागितला होता.

"झालं. चल, पुढचं आठवं," म्हणत संपदा उठली.

मी उठले नाही.

"काहून खोटं बोलून राहिली तू?" मी आत्यावर ओरडले. "मी सांगतलं होतं काय तुले?"

"चूप बस ना, माय," आत्या पुटपुटली. "तुह्ये दोस्त हायेत."

संपदा थबकली. "तू ओळखतेस यांना?"

"खाली बस, संपदा. फॉर्म चुकलाय. खोड ते. माणसं तीन, तिसरी मी. कॉलेजात शिकणारी, तीही मीच. समता कॉलोनीत मी एक दिवससुद्धा राहिले नाही. मी इथं राहते, तुझ्या त्या 'ह्यांच्यात'. ही माझी सख्खी आत्या आहे. आणि तू जे नको म्हणालीस ना, तेच पाणी पिऊन मी रोज तुझ्या शेजारी येऊन बसते."