अंगठा पाण्यावर पडला की

मी चेंडू बोलतोय. लाथ मारायचा नव्हे हं, झेलायचा. अंगावर अख्खी पृथ्वी छापलेला, तोंडाने फुगवायचा प्लास्टिकचा चेंडू. खरं तर मी जन्मलो वाळूत लोळायला. पण नशीब बघा, पोचलो थेट विद्यापीठात. भल्याभल्यांना तिथे प्रवेश मिळत नाही, मला परीक्षा न देता मिळाला.

मला आणलं मॅडमनी. त्या जागतिक अभ्यासाचा सेमिनार घ्यायच्या, दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत. लांबट टेबल, त्याचा एक पाय आखूड, म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी. बाकीच्या वर्गांत शिकवणारे बोलतात नि पोरं डुलक्या काढतात. इथे पोरांनीच बोलायचं. कोणी बोलायचं ते मी ठरवायचो. मॅडम मला फेकायच्या. ज्याने झेललं त्याचा उजवा अंगठा ज्या देशावर, त्या देशाबद्दल त्याने बोलायचं. अंगठा पाण्यावर पडला तर सुटका. 'पाणी' म्हणायचं नि पुढे फेकायचं.

काय दिवस होते राव. जो वाचून आला नसेल त्याच्याच मांडीत मी धपकन पडायचो. मग तो घसा खाकरून म्हणायचा की इथली परिस्थिती गुंतागुंतीची आहे. कुठल्याही देशाला चालतं हे वाक्य. एकाला सगळे भोंगा म्हणायचे. त्याला कुठलाही देश द्या, गाडी तेलाच्या भावावर यायची. अंगठा बर्फावर पडला तरी पठ्ठ्या तिथून तेल काढायचा.

मला फुगवायचं काम वर्गातल्या सगळ्यात गप्प माणसाचं. मॅडम म्हणायच्या, निदान त्या निमित्ताने तोंड उघडेल. एका वर्षी ते काम आलं मौनीकडे. हे नाव पोरांनीच ठेवलेलं. तिने मला चारदोन फुंकरांत टम्म केलं. या पोरीत हवा भरपूर आहे हे मला तेव्हाच कळलं. आवाज कुठे अडकलाय, देव जाणे.

पोरगी बिलंदर. मी हवेत गिरक्या घेत यायचो, ती डोळे बारीक करून बघायची, नि अंगठा बरोबर निळ्यावर. 'पाणी.' मी पुढे. मीही सामील होतो म्हणा. माझ्या अंगावर पाणीच जास्त.

वर्ग सुटला की ती मला मांडीवर घेऊन बाबांच्या फोनची वाट बघत बसायची. तो कधीही यायचा नि मध्येच तुटायचा. बाबा विचारायचे, वर्गात बोलतेस ना गं? ही म्हणायची, "बोलते की. मलाच गप्प करावं लागतं." ऐकून माझीच हवा जायची.

मग मॅडमनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, शेवटच्या सेमिनारलाही बोलली नाहीस तर मी पास करू शकत नाही, वर्ष पुन्हा करावं लागेल. त्या दिवशी ती मला मांडीवर घेऊन बसली, पण फोन आला तरी उचलला नाही.

शेवटचा सेमिनार. विषय होता, माणसं घर सोडून कुठे जातात. मी ठरवलं, आज हिला दगा द्यायचा. उलटी गिरकी घेतली नि एक लठ्ठ देश तिच्या अंगठ्याखाली नेऊन ठेवला. तिने तो पाहिला. मला सावकाश फिरवलं, नि अंगठा स्वतःहून समुद्रावर ठेवला.

सगळे हसले. भोंग्याने झेलायला हातही पुढे केले.

"पाणी नाही," ती म्हणाली. "इथे माझे बाबा राहतात."

बाबा मालवाहू जहाजावर आचारी होते. मग ती बोलतच गेली. चूल एक नि जेवणारे नाना देशांचे, कुणाला मीठ जास्त, कुणाला कमी, म्हणून बाबा आताशा मीठ टेबलावरच ठेवतात. बंदर आलं तरी खाली उतरू देतीलच असं नाही. मग ते कठड्याला टेकून शहराचे दिवे बघतात, नि ते शहर कुठलं ते तिला फोनवर सांगतात.

भोंग्याने जन्मात पहिल्यांदा तेल सोडून काही विचारलं. "घरी कधी येतात?"

"मागच्या परीक्षेला आले होते. मी अभ्यास करायचे, ते स्वयंपाक करायचे. बोलायचं राहिलं."

मॅडम हळूच म्हणाल्या, "इतकी वर्षं आपण एवढी मोठी पृथ्वी पुढे ढकलत होतो." त्या दिवसापासून पाण्यावर सुटका बंद.

संध्याकाळी फोन आला.

"बाबा, आज मी बोलले."

"रोजच बोलतेस की."

"आज तुमच्याबद्दल बोलले."

गंमत म्हणजे, त्या दिवशी फोन तुटला नाही.

एरवी वर्ष संपलं की मॅडम माझी हवा सोडायच्या. त्या वर्षी म्हणाल्या, मौनीची हवा आत राहू दे. पुढे दर वर्षी नव्या गप्प पोराने त्यावरच आपली फुंकर भरायची. मग मॅडम निवृत्त झाल्या. आता तिथे पडदा आहे, त्यावर पृथ्वी आपोआप फिरते, कुणाच्या मांडीत पडत नाही. मी कपाटावर. पोट खपाटीला गेलंय, ध्रुवांना सुरकुत्या पडल्यात.

कधी हाती लागलो तर फेकून देऊ नका. बूच हळूच उघडा, नि आतली हवा सोडू नका बरं. तळाशी मौनी आहे. तिच्यावरच तुमची फुंकर भरा.