हुडाकचं उठणं-बसणं

एमिल हुडाक आमच्या बेसबॉल संघाचा कॅचर. बॅटरच्या मागं उकिडवं बसायचं आणि मी टाकलेले चेंडू झेलायचे, हा त्याचा धंदा. पेनसिल्व्हेनियातल्या कोळसा खाणीतल्या मजुराचा पोर. बोलणं बेतास बात. त्रेचाळीस साली तो लढाईवर गेला. चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात बेल्जियमच्या बर्फात जर्मनांनी त्याला पकडलं. छावणीत उपासमार, वर कैद्यांना बर्फातून पायी हाकललं. त्यात डाव्या पायाची तीन बोटं गेली.

सेहेचाळीसच्या मार्चमध्ये तो सरावाला हजर झाला. मॅनेजर बार्लो त्याला खालपासून वरपर्यंत बघत राहिला.

"बाकीचा हुडाक कुठाय?"

"जर्मनीत राहिला."

"बसता येतं का?"

"येतं. उठायचं तेवढं शिकतोय."

आमच्या दुसऱ्या कॅचरचा अंगठा मोडला होता, म्हणून बार्लोनं त्याला ठेवून घेतलं. बुटात नमद्याचे तुकडे कोंबून एमिल रोज तासभर उठाबशा काढायचा.

जुलैतल्या एका सामन्यात समोरच्यांचा एक दांडगा गडी धाव पुरी करायला सुसाट येऊन एमिलवर आदळला. एमिल कोलमडला, पण चेंडू सोडला नाही. गडी बाद. एमिलच्या छातीवरच्या पॅडमधून मात्र कागदात गुंडाळलेला पाव बाहेर पडला.

"काय रे, घरी बायको जेवायला घालत नाही वाटतं?" गडी खिदळला.

एमिलनं पाव झटकला आणि पुन्हा आत ठेवला. म्हातारा अंपायर विचारात पडला. शेवटी म्हणाला, "पावाबद्दल नियमात काही नाही. चला, खेळा."

मी जवळ गेलो. "अरे, सामना संपला की जेवण असतंच ना?"

"असतं. पण लांबला तर?"

अठ्ठेचाळीस साली त्याला वरच्या लीगमधल्या बड्या संघाचं बोलावणं आलं. आम्ही सगळे स्टेशनवर पोचवायला गेलो. बार्लो रडला आणि सर्दीवर ढकलून मोकळा झाला. एमिल तिथं एकोणीस सामने खेळला. पाय जोर धरेना, त्यामुळं त्यानं फेकलेला चेंडू पोचायच्या आत धावणारे पुढचा टप्पा गाठायचे. सप्टेंबरात त्याला परत धाडलं.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं ना. पण तिथं राष्ट्रगीताला चाळीस हजार माणसं एकदम उभी राहायची. मला छावणीतली हजेरी आठवायची." त्यानं बुटाची नाडी आवळली. "इथं किती येतात?"

"चारशे. शनिवारी."

"मग जमेल."

त्यानंतर तो नऊ वर्षं खेळला.