खंडेनवमीची जीप

नाथाजीनं फौजेच्या वर्कशॉपात अठरा वर्षं गाड्यांच्या वायरी ओढल्या होत्या. बांगलादेशच्या लढाईनंतर पेन्शन घेऊन तो रहिमतपुरात परतला, पण फौजेची शिस्त काही अंगातून उतरली नाही. बॅटरीची अर्थिंगची वायर सोडवल्याशिवाय तो कुठल्या गाडीला हात लावत नसे, आणि काम पुरं झाल्याशिवाय ती परत जोडत नसे. लोक हसत. हसणाऱ्यांतल्या दोघांच्या गाड्या जळाल्या, तरी हसणं थांबलं नाही. काळजी घेणाऱ्याला भित्रा म्हणायची आपल्याकडं जुनी रीत आहे.

त्याच्या बहिणीच्या नवऱ्यानं, नानासोनं, लष्कराच्या लिलावात पेट्रोलची एक जुनी जीप घेतली होती. मागं ट्रॉली जोडून आल्याची पोती बाजाराला न्यायची. वायरी उंदरांनी खाल्लेल्या, सेल्फ-स्टार्टर मुका. चार वर्षं ड्रायव्हर गुंडा समोर उभं राहून हँडल मारायचा तेव्हा ती सुरू व्हायची. हँडब्रेकही लागत नव्हता, म्हणून उभी करताना गिअरात टाकायची आणि चाकाला दगड लावायचा, हे ठरलेलं. हँडल मारायच्या आधी गुंडा न चुकता गिअर काढून दांडा दोनदा हलवून बघे. गाडी अंगावर आली असती तर त्याच्याच आली असती ना!

नवरात्र बसलं तसा नानासोचा निरोप आला आणि नाथाजी दोन कोसांवरच्या बहिणीच्या गावी जाऊन राहिला. पाच दिवसांत त्यानं जुनी लक्तरं उपटून नव्या वायरी ओढल्या, फ्यूज घातले, किल्ली बसवली. किल्ली फिरवून बटण दाबलं की सेल्फ फिरावा, अशी जोडणी केली. राहिलं एकच काम. गिअरच्या दांड्याखाली एक छोटा स्विच बसवायचा होता, म्हणजे गाडी न्यूट्रलला असल्याशिवाय बटणाला करंटच जाणार नव्हता. तो स्विच सांगलीहून यायचा होता आणि तिथला दुकानदार दसऱ्यानंतरचा वायदा करत होता.

अष्टमीला संध्याकाळी नानासो गाडीपाशी आला.

"मेव्हणं, उद्या खंडेनवमी. गाडी पुजायची हाय. जोडा बॅटरी."

"आवं दाजी, स्विच राहिलाय. गिअरात असताना कुणी बटण दाबलं तर गाडी उडी मारंल."

"चार वर्सं बिनस्विचाचीच चालली की. आन् गावाला सांगितलंय मी, उद्या बटणावर सुरू हुतीया म्हून. माझं नाक कापताय व्हय?"

वर्कशॉपात असता तर नाथाजीनं साहेबालाही नाही म्हटलं असतं. एकदा एका मेजरला म्हटलंही होतं. पण हा मेजर नव्हता, दाजी होता. ज्या घरात बहीण दिली, त्या घरात भावाची मान खालीच. दाजी रुसला तर भाऊ आपली पिशवी उचलून घरी जातो, बोलणी खायला बहीण मागं राहते. त्याची बहीण रंगूबाई दारात उभी राहून दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. नाथाजीनं तिचा चेहरा बघितला आणि बॅटरी जोडली. गुंडाला तेवढं बाजूला घेऊन बजावलं, "बटण तूच दाबायचं. आदी गिअर हलवून बघ."

"व्हय जी," गुंडा म्हणाला.

सकाळी गुंडानं जीप धुतली, अंगणात गोठ्याच्या दगडी भिंतीकडं तोंड करून उभी केली, आणि सवयीनं गिअरात टाकून चाकाला दगड लावला. माणसं जमली. झेंडूची माळ चढली. चाकांखाली लिंबं ठेवायची म्हणून कुणीतरी दगड काढला. नारळ आत राहिला होता, तो आणायला गुंडा घरात गेला. नाथाजी हौदावर हाताचं काळं धूत होता.

"मालक, तुमीच दाबा की," कोण तरी म्हणालं.

नानासोला गाडी चालवता येत नव्हती. पण बटण काय, कुणीही दाबावं. तो ऐटीत चढून बसला. समोर, जीप आणि भिंतीच्या मधे, रंगूबाई आरतीची विझलेली वात वाकून सारखी करत होती.

सेल्फचा आवाज कानावर पडला तसं नाथाजीला कळलं की गाडी गिअरात आहे. तो आवाज ओढ लागल्याचा होता. त्यानं ओरडायला तोंड उघडेपर्यंत जीपनं उडी घेतली होती, इंजिन लागलं होतं, आणि घाबरलेल्या नानासोचा अंगठा बटणावरून निघत नव्हता. नाथाजीनं धावत येऊन किल्ली उपसली, गिअर काढला. माणसांनी जीप मागं ढकलली तेव्हा रंगूबाई भिंतीला टेकून खाली बसली, आणि उठली नाही.

तिला साताऱ्याच्या दवाखान्यात न्यायचं तर एसटीला दीड तास अवकाश होता. गावात दुसरी गाडी नव्हती. मागं वाकळ टाकून तिला त्याच जीपमध्ये निजवलं. गुंडा मागं तिच्यापाशी बसला, म्हणून चालवायला नाथाजी बसला. त्यानं दांडा दोनदा हलवून बघितला आणि बटण दाबलं. पहिल्या दाबाला गाडी सुरू झाली. स्वतःच्या कामाची इतकी किळस त्याला जन्मात आली नव्हती.

वाटेत ती एकदाच बोलली. डोकं गुंडाच्या मांडीवर होतं, आवाज जेमतेम.

"दादा, त्यास्नी काय बोलू नगंस. मला परत तितंच जायाचंय."

"न्हाई बोलत," नाथाजी म्हणाला. माहुलीचा पूल ओलांडताना गुंडा मागून म्हणाला, "आता सावकाश चालवा," आणि रडायला लागला.

नानासो मागून एसटीनं साताऱ्याला पोचला. दवाखान्याच्या व्हरांड्यात नाथाजीसमोर मान खाली घालून उकिडवा बसला.

"त्यो स्विच असता तर?"

"तर गाडी हलली नसती."

नानासोनं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता.

"तुमाला एवढं ठावं हुतं, तर जोडून दिली कशाला?"

"ती तुमच्या घरात नांदत हुती म्हून," नाथाजी म्हणाला.

एवढ्या वर्षांत दाजीच्या डोळ्याला डोळा भिडवून त्यानं दिलेलं हे पहिलं उत्तर. त्याचे भोग भोगायला आता त्या घरात कुणी उरलं नव्हतं.