नुसती मान हलवली

देवाला नैवेद्य दाखवून होईपर्यंत मी बोलत नाही. लग्नाआधीपासूनचा नेम आहे. माझ्या सुनेला, अपूर्वाला, हे ठाऊक आहे. म्हणून सकाळी ती मला मान हलवून उत्तर देता येईल असंच विचारते.

आमचं मुलुंडचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. देव्हाऱ्याशेजारीच तिच्या कामाचा कॉम्प्युटर. काम सुरू झालं की त्याचा पंखा असा घोंघावतो की माझी पोथी मलाच ऐकू येत नाही. मी एकदा सहज बोलून गेले होते. रविवारी ती त्याच्यामागे लागली. प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज थोडं थोडं कमी करायचं आणि दर वेळी त्याला टेस्टला जुंपून बघायचं; तो कमी तापला की पंखाही शांत, एवढं मला समजलं.

आदल्या दिवशीच म्हणाली होती, "उपास असला तरी तुम्ही सगळं काम उरकता ना आई, तसंच. फक्त चक्कर येऊन पडत नाही ना, ते बघायचं."

शेवटच्या टेस्टला आवाज जवळजवळ नव्हताच. मी पोथी उघडून बसले होते.

"मी आंघोळीला जाते. अकरा वाजले की इथे क्लिक करून ही खिडकी बंद करा. मध्येच स्क्रीन निळी झाली तर मला कळवा, मग व्होल्टेज परत वाढवावं लागेल."

अकराला थोडा अवकाश असताना स्क्रीन निळी झाली. मग काळी. मग कॉम्प्युटर आपोआप सुरू झाला आणि नेहमीचं डोंगराचं चित्र आलं.

अपूर्वा केस पुसत बाहेर आली. "केलीत ना बंद? मध्ये काही झालं नाही ना?"

मी आडवी मान हलवली. नाही.

मौन होतं म्हणून, असं देवासमोर मनातल्या मनात म्हणून बघितलं. पण कागदावर लिहिता आलं असतं. खरं तर ती शांतता मला हवी होती.

"झकास," म्हणत तिने पार्ल्याच्या क्लायंटची फिल्म एकेक चित्र करून तयार करायला लावली. सोमवारी सकाळी द्यायची होती.

नैवेद्य झाला, मौन सुटलं. तोंडातून आलं ते, "जेवायला वाढू?"

ताटं घेतली आणि माझाच हात थांबला.

"अपूर्वा, मघाशी निळी झाली होती गं."

"कधी?"

"तू आंघोळीला होतीस."

"पण मी विचारलं ना आई."

"विचारलंस."

तिने देव्हाऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चालू काम थांबवलं, झालेली चित्रं उघडली. काहींवर रंगीत रेघा आल्या होत्या. "वाट लागली," ती स्वतःशीच म्हणाली. सगळं पहिल्यापासून करायचं, आणि उद्यापर्यंत होईल की नाही ते सांगता येत नव्हतं.

तिने व्होल्टेज वाढवलं, टेस्ट पुन्हा लावली. पंखा घोंघावू लागला.

"तू निवांत जेव. मी बसते समोर."

"नको. इथेच द्या."

मांडीवर ताट घेऊन, स्क्रीनवर नजर ठेवून ती जेवली. माझ्याकडे तिची पाठ होती.