उन्हात न पाहिलेला रंग

बाबा हरवले तेव्हा त्यांच्या अंगात मी विणलेला शेवाळी स्वेटर होता. उकाडा असो की थंडी, ते तो काढत नसत. धुवायला मागितला तर घर डोक्यावर घेत. माझं नाव विसरले, दादाचं विसरले, वहिनीला तर शेजारीण समजत. पण स्वेटर आपला आहे हे काही विसरले नाहीत.

दुपारी वहिनीचा जरा डोळा लागला आणि बाबा कडी काढून बाहेर पडले. तिला दोष देण्यात काही अर्थ नव्हता. तरी मी दिला, सगळ्यांदेखत. माझ्या जिभेला हाड नाही.

दादाचा छापखाना तळघरात आहे. सुरू केला बाबांनी. त्यांच्या काळी प्रत्येक रंगाची शाई वेगळी तयार व्हायची. गिऱ्हाईक कापडाची चिंधी आणो नाहीतर डब्याचं झाकण, बाबा काचेवर सुरीनं शाई घोटून नेमका तोच रंग काढत आणि ओला कागद घेऊन जिना चढून रस्त्यावर जात. रंग उन्हात पाहिल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही, हा त्यांचा हट्ट. आम्ही पोरं म्हणायचो, बाबा रंगाला हवा खायला घेऊन गेले.

मग दादानं चाररंगी मशीन आणलं. निळा, गुलाबी, पिवळा, काळा, एवढ्या चारांच्या ठिपक्यांत सगळं जग बसतं, असं तो म्हणायचा. बाबा म्हणायचे, "जग बसेल रे, रंग नाही बसायचा." यावरून दोघांतून विस्तव जात नव्हता. पुढे बाबांना विसर पडायला लागला आणि भांडण आपोआप दादाच्या बाजूनं मिटलं.

पोस्टर छापायचं ठरलं आणि फोटोपाशी अडलं. घरातला फोटो आजारापूर्वीचा. गाल भरलेले, मिशा काळ्याभोर. आता बाबांचा नुसता सापळा उरला होता, दाढी वाढलेली. त्या फोटोवरून मीसुद्धा त्यांना ओळखलं नसतं. नंतरचा फोटो कुणी काढलाच नव्हता. आपण कोण हे ज्याला कळत नाही, त्याच्यासमोर कॅमेरा धरायला हात धजत नाही.

"स्वेटरचा रंग छापू," दादा म्हणाला. "फोटोखाली मोठा चौकोन, आणि लिहू, या रंगाचा स्वेटर अंगात आहे. लोकर उरलीय का?"

उरलेला गुंडा घेऊन मी तळघरात गेले. "शाई घोट ना, बाबांसारखी," मी म्हटलं.

"घोटायची, मशीन धुवायचं, फोटो वाळला की तोच कागद पुन्हा फिरवायचा. उद्याची दुपार होईल. तोवर बाबा कुठल्या कुठे जातील!"

त्याचं खरंच होतं. चारही रंग कमी-जास्त करत त्यानं चौकोनामागून चौकोन काढले आणि मी ट्यूबलाइटखाली प्रत्येकावर धागा ठेवून पाहिला. एक पोपटी निघाला, एक मेलेला निघाला. शेवटी असा एक आला की वर ठेवलेला धागा दिसेनासाच झाला. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबांना दाखवायला हवा," तो बोलून गेला.

सवयीनं तो कागद घेऊन जिना चढला. वर दिवस मावळून गेला होता.

"आता ऊन काय खिशातून काढू?" असं म्हणून तो खाली आला आणि त्यानं मशीन सुरू केलं.

शेजारी, कामगार, जो भेटेल त्याच्या हातात आम्ही गठ्ठे दिले. उजाडायच्या आत सगळीकडे पोस्टरं लागली.

सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर मी बस थांब्यावरच्या पोस्टरसमोर उभी राहिले. चौकोन तपकिरी होता. वाटलं, जागरणानं डोळे दगा देतायत. पिशवीतून गुंडा काढून लावला. लोकर हिरवीगार, कागद चिखलासारखा. मी दादाला ओरडून बोलावलं. त्यानं गुंडा स्वतः कागदाला लावून पाहिला.

"ट्यूबखाली जुळतो, उन्हात फुटतो," तो म्हणाला. "चार शायांतून काढलेल्या रंगाचं होतं असं. बाबा कानीकपाळी ओरडायचे गं."

त्याला फाडून खायला मी तोंड उघडलं होतं. त्याचा चेहरा पाहिला आणि मिटलं.

मग त्यानं माळ्यावरून बाबांची काच आणि सुरी काढली. शाई घोटायची, वर पळायचं, खाली यायचं, पुन्हा घोटायची. उन्हात रंग जुळला तेव्हा त्याचा शर्ट घामानं चिंब झाला होता. फोटो नाहीच. नुसता शेवाळी चौकोन आणि खाली त्याच शाईत, "असा स्वेटर घातलेले आजोबा दिसले का?" ओले कागद घेऊनच आम्ही निघालो.

पेट्रोल पंपाच्या भिंतीवर जुन्या पोस्टरवर नवं चिकटवत होतो, तेवढ्यात तिथला रखवालदार जवळ आला.

"हा रंग? अहो, ते आजोबा सकाळी इथेच होते की!"

"मग गेले कुठे?" दादानं विचारलं.

"नळावर पाणी प्यायले. मला शंका आली म्हणून त्यांना बसवलं आणि तुमचा कागद बघायला आलो. तोंड काही जुळेना. मग स्वेटर बघितला. कागदावर तपकिरी, त्यांच्या अंगात हिरवा. म्हटलं, दुसरेच कुणीतरी. ते उठून कालव्याकडे गेले, मीही अडवलं नाही." तो माझ्याकडे वळला. "नीट बघितलं होतं हो, ताई. दोनदा बघितलं."

कालवा कोरडा होता. बाबा काठावरून खालच्या सिमेंटवर पडले होते.

संध्याकाळी ओळख पटवायला आम्हा दोघांना दवाखान्याच्या मागच्या खोलीत नेलं. खिडकी नव्हती. वर ट्यूबलाइट जळत होती. डोक्याला कापड गुंडाळलेलं होतं. तिथल्या माणसानं चादर छातीपर्यंत खाली केली. चेहरा ओळखायला मला वेळ लागला, स्वेटर ओळखायला नाही.

दादानं खिशातून पोस्टर काढलं. पहिलं, फोटोचं. घडी उलगडून त्यानं तो चौकोन बाबांच्या छातीवर ठेवला. तो माणूस काही बोलणार होता. मी त्याला हातानंच थांबवलं.

त्या उजेडात कागद कुठे संपतो आणि लोकर कुठे सुरू होते, ते कळत नव्हतं.

"बघ," दादा म्हणाला. "जुळतोय ना?"

"जुळतोय रे, दादा," मी म्हणाले.