सारवलेलं मैदान

शहात्तर साली, नवा हंगाम सुरू व्हायच्या आधी, कॉलेजची कमिटी आमच्या बास्केटबॉलच्या दौलतराव सरांचं काम तपासायला येणार होती. संघ सुधारलेला दिसला तर सर राहणार, नाहीतर जाणार. सरांनी आम्हाला पोटच्या पोरांसारखं सांभाळलं होतं. म्हणून आमच्या आया गावाहून, किन्हीराजाहून, पहाटेच आल्या आणि सणाला अंगण सारवावं तसं अख्खं मातीचं मैदान शेणानं सारवून ठेवलं. आभाळ भरलेलं होतं, सारवण सुकलंच नाही. चेंडू उसळेना. आम्ही धडाधड घसरून पडलो.

"दोन वर्षांत हेच शिकवलं?" अध्यक्ष खेकसले. चेंडू गोल असतो एवढंच त्यांना ठाऊक!

मी बोलणार होतो, पण सरांनी माझा दंड दाबला. कडेला आमच्या आया शेणानं भरलेल्या हातांनी कौतुकानं बघत उभ्या होत्या.

"कमी माझीच हाय, साहेब," सर म्हणाले.

संध्याकाळच्या एसटीनं ते कायमचे गेले. माय डोळे पुसत माझ्यावरच उखडली, "येवढी साजरी जमीन करून देल्ली, तरी तुमाले खेळता नाही आलं? तुमच्यापायी गेला तो देवमाणूस!"

"हो माय," मी म्हटलं, "आमचंच चुकलं."