दोन आराबेला

"पपा, जमैकातल्या आपल्या मळ्यावरच्या एका तरी गुलामाचं नाव तुम्हाला ठाऊक आहे का?"

प्रश्न माझा नव्हताच, मैत्रिणींचा होता. प्रिसिला म्हणाली होती, "वक्तृत्वाचं बक्षीस मारलंस ना, मग घरी विचारून दाखव. का पार्लमेंटातल्या वाघाची लेक घरात शेळी?" शेळी म्हटल्यावर मी कशी गप्प बसणार? रविवारी जेवणाच्या टेबलावर विचारून टाकलं.

पपांनी मांस कापायची सुरी खाली ठेवली. मला वाटलं, आता डरकाळी. पण ते हसले.

"एक पक्कं ठाऊक आहे. आराबेला."

"ते तर माझं नाव."

"तिचंही. तू जन्मलीस तेव्हा मी मळ्यावर कळवलं, आता जी पहिली मुलगी होईल तिचं नाव आराबेला ठेवा. ती तुझी. बाप्तिस्म्याची भेट."

"तुझ्या पपांची हौस," ममा म्हणाली. "मी म्हटलं, चांदीचा पेला द्या. तर म्हणे, पेले सगळेच देतात."

मला काय वाटलं सांगू? छान वाटलं. समुद्रापलीकडे माझ्या वयाची, माझ्या नावाची, माझी स्वतःची एक मुलगी. रात्रभर मी मनातल्या मनात तिला माझेच झगे घालून बघत होते.

सोमवारी शाळेत हे सगळं मी हातवारे करून सांगितलं. फारसं न बोलणाऱ्या ज्यूडिथनं विचारलं, "ती करते काय?"

"उसात निंदणी. पपा म्हणाले."

"आणि हात थांबला, तर मुकादम चाबूक उगारताना कुणाच्या नावानं ओरडतो?"

कुणी हसलं नाही. प्रिसिलानं माझ्याकडे बघायचंही टाळलं. माझे कान असे तापले की टोपी काढून टाकावीशी वाटली.

संध्याकाळी ममानं जिन्याखालून हाक मारली, "आराबेला, चहा गार होतोय." ओठांवर आलेली ओ मी दिलीच नाही. या हाकेला मी चहाला धावते. ती कशाला धावते?

खाली गेले. पपा उद्याच्या निवडणूक सभेचं भाषण घोकत होते.

"पपा, तिला मारतात?"

"मळा आहे बाळ, नाचाचा वर्ग नव्हे."

"ती माझी आहे ना? मग मी तिला सोडलं. पहिल्या जहाजानं तसं कळवा."

"आधी एकवीस वर्षांची हो. मग सोड, नाहीतर धर." ते ममाकडे वळले. "बक्षीस मिळाल्यापासून फारच फुटलंय हिला तोंड."

"कुणी भरवलं हे डोक्यात?" ममा म्हणाली. "उद्या पपांच्या शेजारी उभं राहायचंय तुला, विसरलीस?"

माझा आवाज बक्षिसाच्या भाषणातला निघाला.

"उभी राहीन. पण पपा, मतदारांपुढे 'आमची आराबेला' म्हणून हाक मारलीत, तर मी ओ देणार नाही. कुणी 'का?' म्हणून विचारलं, तर कारण सांगेन. आणि घरातही नाही. ती सुटेपर्यंत या नावाला मी ओ देणार नाही."